चिखलाची भवानी

"मावशी, ती चिखलवाली कुठे बसते हो?"

हल्ली रोज कोणी ना कोणी येऊन मला हे विचारतं. मी पण ऐकून घेत नाही. सांगते, चिखलवाली-बिखलवाली इथे कोणी नाही. बायजा नाव आहे तिचं. तुमच्या आईच्या वयाची आहे, तेव्हा बायजामावशी म्हणायचं. जमत नसेल तर सरका बाजूला, माझं गिऱ्हाईक अडतंय.

मग ते बिचारे ओशाळतात आणि मी हाताने दाखवते. ती काय, माझ्या शेजारीच. मानपाडा रोडवरून आत वळलं की आमची मासळीची मंडई. तिच्या तोंडाशी मी कोथिंबीर, लिंबं, आलं, मिरच्या घेऊन बसते आणि मला खेटून बायजा. आमची अर्धी हयात अशी मांडीला मांडी लावून गेली.

मी विमलाबाई. मूळची जुन्नरकडची, घाटावरची. लग्न करून डोंबिवलीत आले आणि नवऱ्याने ही जागा धरून दिली तेव्हा सुरुवातीला मी नाकाला पदर लावूनच बसायचे. बायजा बघत होती. शेवटी बोलली, "गो घाटीन, नाक झाकून धंदा होत नाय. मासलीचा वास नको तं देवलाभायेर जाऊन फुलां इक." असा राग आलेला मला! पदर काढला आणि बोलले, "मासळीचा वास चालेल हो, तुमच्या तोंडाचं काय करू?" ती पोट धरून हसली. तेव्हापासून मी घाटीन आणि ती माझी बायजा. कोणीही तिच्याकडून मासळी घेतली की ती जागेवरून ओरडणार, "घाटीन, बायना कोथमीर दे गो!" गिऱ्हाईकाच्या घरी असली कोथिंबीर, तरी ते मुकाट घेतं. बायजाला नाही म्हणायची हिंमत आमच्या मंडईत कोणाच्यात नाही.

मंडईतल्या बाकीच्या बायका धक्क्यावर जाऊन पापलेट, सुरमई, बांगडे आणतात. बायजा खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, ती फक्त खाडीचा माल विकायची. खाडीला ती खारी म्हणते. बोय, कोलंबी, चिंबोऱ्या, आणि सगळ्यांच्या वर निवट्या. निवटी बघितली नसेल तर सांगते. बोटभर लांब, बुळबुळीत, डोळे पार डोक्यावर चढलेले, आणि मासा असून चिखलात उड्या मारते. एकदा पाटीतून उडून माझ्या कोथिंबिरीत आलेली तर मी किंचाळून उभी राहिलेले. ओहोटी लागली की बायजा गुडघाभर चिखलात शिरायची, निवटीच्या बिळात कोपरापर्यंत हात घालायची आणि जिवंत ओढून काढायची. ह्या वयात! मला तर नुसतं बघून धाप लागायची.

आणि निवटी म्हणजे बाळंतिणीचं जेवण. कोळीवाड्यात पोरगी बाळंत झाली की तिला निवट्यांचा पातळ रस्सा द्यायचा, म्हणजे अंगावर दूध येतं. त्यांच्यात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. नुसते कोळीच नाही, थेट ठाण्याहून, नौपाड्यातून माणसं यायची सुनेसाठी निवट्या घ्यायला. आणि यायची ती बायजाकडेच. का, तर बायजाच्या निवट्या ओकवलेल्या. पकडलेली निवटी ती तशी विकायची नाही. घरी टबात नळाचं पाणी घ्यायचं, त्यात मूठभर मीठ टाकायचं, त्यात निवट्या सोडायच्या आणि पाणी बदलत राहायचं. निवटी पोटातला चिखल ओकून टाकते. पाणी नितळ राहायला लागलं की मग ती पाटीत यायची. "माजी निवटी पोटातून धुतलेली हाय," असं बायजा छातीवर हात मारून सांगायची. आख्ख्या कल्याण-डोंबिवलीत तिचं नाव होतं ते ह्या एका गोष्टीवर.

खाडी काळी पडत गेली. नाल्यातून कधी हिरवं पाणी यायचं, कधी लाल, कधी वर तेलाचा तवंग. बायजा शिव्या घालायची, पण धंद्याचं विचारलं की एकच उत्तर. खारी कशी पन होवंदे, मी ओकवून घेते.

मागच्या थंडीत एक मुलगी यायला लागली. सान्वी नाव. नौपाड्यात राहणारी, कॉलेजात समुद्रातल्या जिवांवर शिकणारी, चष्मा, पाठीला सॅक. निवट्या घ्यायची आणि घासाघीस बिलकूल नाही. बायजा माझ्या कानाशी लागली, "घासाघीस नाय करत ते गिऱ्हाईक खायाला नेत नाय गो." आणि पोरीला डायरेक्ट विचारलं, "बाय, तुज्या घरान कोन बालंतीन हाय?"

सान्वी खरं बोलली. म्हणाली, "कोणी नाही मावशी. मी तपासायला नेते. कारखान्यांच्या सांडपाण्यातून शिसं, पारा असले जड धातू खाडीत येतात. ते वाहून जात नाहीत, तळाच्या चिखलात बसतात. चिखलात राहणाऱ्या मासळीच्या अंगात ते किती उतरलेत ते बघतेय."

बस! बायजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला कोयता तिने फळीवर असा आपटला की खालची मांजर पळाली.

"दर दोन वर्षांनी कोन तरी येतंय. तपासतंय, पेपरान छापतंय. मंग लोक मासली सोरतात. बदनामी माज्या निवटीची, न नाला तसाच वाहतंय! त्या नाल्याला कोन काय इचारतंय काय?"

सान्वी बोलली, "तुमचं बरोबर आहे मावशी. नाल्याला कोणी विचारत नाही. पण म्हणून निवटीत शिसं नाही, असं होत नाही ना."

"माजी निवटी ओकवलेली हाय!"

"ओकवल्याने जात नसावं ते."

"नसावं म्हंजे? तुना म्हाईत नाय तं बोलतंस कशाला?"

आणि मग बायजा उभी राहिली. ती उभी राहिली की मी ओळखते, आता काहीतरी लोचा होणार. सगळ्या मंडईला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "ही घे माजी ओकवलेली निवटी. न ही आज सकालची, चिकलासकट. दोनी तपास. माज्या ओकवलेल्या निवटीन शिसं निंगाला तं मी हितंच बसून, माज्या तोंडान, येईल त्या गिऱ्हाईकाला सांगेन. एकवीरा आईची शपथ!"

मी पदर ओढत होते तिचा, बस गं बाई खाली. ऐकतेय कशाला! एकवीरा आईची शपथ कोळी माणूस उगाच घेत नाही, आणि एकदा घेतली की मागे फिरणं नाही. पलीकडे सरस्वतीने कपाळावर हात मारून घेतला. सरस्वती म्हणजे बायजाची धाकटी जाऊ. तीही ह्याच मंडईत बसते, पापलेट विकते, आणि तिची जीभ बायजाहून दोन बोटं लांबच आहे.

सान्वी दोन पिशव्या घेऊन गेली आणि बरेच दिवस उगवली नाही. बायजा हसायची. "पलाली ती," म्हणायची.

शिमगा झाला आणि बायजाची नात दिपिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. शीळफाट्याला दिलेली. तिची आई ती लहान असतानाच गेली, बायजानेच तिला वाढवलेलं, त्यामुळे नात म्हणा नाहीतर लेक म्हणा. मुलगी झाली. बायजाने मंडईभर पेढे वाटले. कोणीतरी बोललं, मुलगी झाली तर बर्फी वाटतात ना, तर त्याच्या हातातला पेढा तिने परत घेतला. एवढी खुशीत होती. फक्त दिपिकाला दूध कमी होतं, पोर रडायची. बायजा बोलली, "त्याचा टेन्शन नाय. निवट्या टबान सोरल्यात. उद्या रस्सा देते, मंग बग."

त्याच "उद्या"च्या सकाळी सान्वी आली.

तिचा चेहरा बघूनच मी ओळखलं, खबर चांगली नाही. कागद होते तिच्या सॅकमध्ये, पण तिने काढले नाहीत. बायजासमोर उकिडवी बसली आणि हळू आवाजात बोलली, "मावशी, दोन्ही निवट्यांमध्ये शिसं निघालंय. जवळजवळ सारखंच. खायला चालतं त्याच्या वर."

"ओकवलेल्या पन?"

"हो. निवटी पोटातला चिखल ओकते, ते तुमचं खरं आहे. पण शिसं पोटात नाही राहिलं, तिच्या मांसात मुरलं. ते तिला ओकता येत नाही. आणि बाळंतिणीने खाल्लं तर दुधातून बाळाच्या अंगात जातं. एवढ्याशा बाळाच्या मेंदूला लागतं ते."

मी लिंबं विकणारी बाई, मला लगेच समजलं. लोणच्याची फोड धुतली तर वरचा मसाला जाईल, आत मुरलेलं मीठ थोडंच जातंय! पण बायजाकडे बघवत नव्हतं. तिने एक शिवी घातली नाही की कोयता आपटला नाही. पाटीवर गोणपाट टाकलं आणि भर धंद्याच्या वेळी उठून चालायला लागली. तिला असं जाताना मी कधीच बघितलं नव्हतं. मी माझा पसारा नारळवाल्याच्या गळ्यात मारला, दिपिकासाठी बाजूला ठेवलेल्या शेपूच्या जुड्या उचलल्या आणि रिक्षा करून तिच्या मागोमाग कोळीवाड्यात पोचले.

आम्ही दारात आलो तर घरभर लसणाचा आणि कोकमाचा वास. सरस्वती त्या दिवशी धंद्याला आलीच नव्हती. टबातलं पाणी नितळ झालेलं बघून तिने रस्सा करूनच टाकलेला. दिपिका भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर पोर, आणि हातातली वाटी तोंडाला लावणार एवढ्यात बायजाने ती काढून घेतली. अक्षरशः हिसकावली. सरळ मोरीत गेली आणि वाटी ओतली, पातेलं पण ओतलं.

सरस्वतीचा स्फोट झाला. "येर लागलंय काय गो तुना? तुना हाच रस्सा दिलता, मना हाच दिलता, सगली पोरां धडधाकट हायेत! न एका चष्मेवालीच्या बोलन्यावर तू बालंतिनीच्या तोंडातला घास काढतंस?"

"तवा नाल्याचा पानी असा नवता," बायजा बोलली.

"बरा, नको देऊ तिला. पन मंडईन गप रव. शपथ तू रागान घेतली, एकवीरा आईला समजतंय. तू बोललीस तं नुसती निवटी नाय, सगल्यांची मासली परून रवेल. माजा पापलेट पन. आमी काय खावाचा?"

सरस्वतीचं काय चुकीचं होतं, सांगा ना. मी पण मनात तेच बोलत होते. मासळी विकली गेली नाही तर माझी कोथिंबीर कोण घेणार? मी पण पोटासाठीच बसते.

बायजा दिपिकाजवळ खाली बसली. पोर रडत होती, तिच्या इवल्याशा मुठीत बायजाने बोट दिलं. आणि बोलली, "माज्या नातीच्या हातातून वाटी काढली मी. न उद्या हीच निवटी नौपाड्याच्या सुनेला इकू? ती कोनाची नात नाय?"

मग ती रडली. बायजा रडली! नवरा गेला तेव्हा पण हिने आम्हाला डोळ्यात पाणी दाखवलं नव्हतं. पदराने तोंड पुसत माझ्याकडे वळली. "घाटीन, किती जनींना दिली गो मी. छातीवर हात मारून दिली. त्या नाल्यान मना खोटी पारली." आणि हे शेवटचं वाक्य बोलता बोलता तिचं रडणं थांबलं आणि राग चढला. तो राग मी बघितला आणि मला बरं वाटलं, कारण रडणाऱ्या बायजाचं काय करायचं ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने शपथ पाळली. बोय, कोलंबी, सगळाच खाडीचा माल बंद करून रिकामी पाटी पुढ्यात घेऊन बसायची. कोणी विचारलं, मावशी निवट्या, की सांगायची, "निवटीन शिसं हाय. मी इकत नाय. बालंतिनीला कुटचीच देऊ नको." जुनी गिऱ्हाईकं आली की त्यांना हात धरून बसवून सांगायची, "तुज्या सुनेला मी दिलती ना? पोराला डाक्टरला दाखव, शिशाची तपासनी करून घे." माणसं हादरायची. काही चिडायची, काही शिव्या देऊन जायची. ती ऐकून घ्यायची. उलट बोलायची नाही, ही तिच्यासाठी केवढी शिक्षा असेल ते मला विचारा.

आणि सरस्वती बोललेली तसंच झालं. लोक पापलेटला पण हात लावेनात. समुद्रातून आलंय म्हणून सांगितलं तरी, "नको रे बाबा, डोंबिवलीची मासळीच नको." सगळ्या बायका बायजावर उखडल्या. सरस्वतीने तर तिच्याकडे पाठ करून पाट मांडला. माझी कोथिंबीर दुपारपर्यंत मान टाकायची. मी चिडलेलेच होते, खोटं कशाला बोलू! दोनदा भांडले पण बायजाशी. पण पाठ करून बसायला मला जमलं नाही.

तिकडे दिपिकाला दूध आलं. अळीव, शेपू, डॉक्टरांचा सल्ला, पोरीला सारखं छातीशी धरणं, कशाने आलं देव जाणे. कोळीवाड्यात बोलतात विमलाबाईच्या शेपूने आलं, आणि मी काही नाही म्हणत नाही. मला वाटलं बायजा खूश होईल. तर ती आणखी भडकली. "शेपून दूध आला म्हंजे काय, निवटी गेली तं गेली? लोक इसरून जातील, न नाला मजेत वाहतंय. बगलंस ना, परत मासलीच बदनाम झाली. नाल्याचा नाव कोनी घेतला?"

खरंच कोणी घेतलं नव्हतं.

मग बायकांनी तक्रार केली आणि मंडई बघणारे देवरामसाहेब आले. माणूस तसा वाईट नाही, नियमाचा आहे. बोलले, "बायजाबाई, ही जागा माल विकायला दिलीय. तुम्ही विकत काहीच नाही आणि आलेलं गिऱ्हाईक पळवून लावता. असं नाही चालणार. विकायचं असेल तर विका, नाहीतर जागा सोडा. उद्या सकाळी येतो मी."

जागा म्हणजे काय, चार फूट लादी. पण तिथे आधी बायजाची सासू बसायची. बायजा नवी नवरी असताना सासूच्या मागे बसून माशांची खवलं काढायला शिकली ती तिथे. आणि ती जागा गेली तर गिऱ्हाईकांना सांगायचं कुठून? शपथ तर "हितंच बसून" अशी घेतलेली. साहेब गेल्यावर मी बोलले, "बायजा, उद्यापासून बांगडे आण गं धक्क्यावरून. विकल्यासारखं कर. तोंडाने सांगत राहा काय सांगायचंय ते." ती माझ्याकडे बघून हसली फक्त. मला ते हसणं आवडलं नाही.

सकाळी ती आली ती सणाला नटतात तशी. ठेवणीतलं लुगडं कासोट्याने नेसलेली, नाकात नथ, अंबाड्यात अबोलीची वेणी, डोक्यावर झाकलेली पाटी. चालत आली ती मंडईच्या मधोमध, सगळ्या बायकांच्या समोरून. हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. ते सान्वीने दिलेले, ते मला मागाहून समजलं. पाटी उतरवली, कापड काढलं, आणि मी पुन्हा नाकाला पदर लावला. इतक्या वर्षांनी!

चिखल. काळाकुट्ट, वर तेलाची चमक, आणि वास असा की डोळे चुरचुरायला लागले. तिने तराजू पुढे ओढला, पारड्यात पसाभर चिखल टाकला आणि ओरडायला लागली, "घ्या गो बायांनो, ताजा चिकल! नाल्याच्या तोंडचा चिकल! शिसा हाय, पारा हाय, सगला हाय! मासली नाय इकत मी, चिकल इकते! आपल्या खारीन कोन काय सोरतंय, घरी नेऊन बगा!"

गर्दी जमली. मोबाईल निघाले. नाकाला रुमाल लावून लोक वाकून वाकून बघायला लागले, आणि पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं, "मावशी, हा नाला येतो कुठून?" बायजाने मोज्याचा हात लांब करून दाखवलं, कारखान्यांच्या दिशेला. "हितून रिक्षान जा, वासावर जा, चुकायचा नाय."

तेवढ्यात देवरामसाहेब. गर्दी बाजूला करून पुढे आले आणि बघतच राहिले.

"हे काय बायजाबाई?"

"माल."

"चेष्टा करता काय? चिखल कोणी विकत घेतं का?"

"सायेब, निवटीच्या अंगातून सगली हाच खात होती, तवा कोन नाय बोलला. आता निवटी काढून नुसता हाच इकते, तं तुमाना चिकल दिसला?"

लोक हसले. साहेबांचा चेहरा लाल झाला. पण नियमाचा माणूस, नियमावरच आले. "ठीक आहे. विकता ना? मग भवानी झाली का? गिऱ्हाईक दाखवा मला. नाहीतर आत्ताच्या आत्ता जागा खाली करायची."

भवानी म्हणजे सकाळची पहिली विक्री. आमच्यात ती झाल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. फोटो काढायला सगळे, पण चिखल घ्यायला कोण पुढे येणार? बायजा ताठ बसलेली, पण तिची नजर गर्दीतल्या एकेका तोंडावरून फिरत होती ती मला दिसली. मी उठले. कोथिंबिरीची पाटी ओलांडून जाणार, तर मागून आवाज आला, "बाजूला हो गो घाटीन."

सरस्वती. हातात पापलेटचं रिकामं घमेलं. बायजासमोर येऊन उभी राहिली आणि तोंड वाकडं करून बोलली, "इतके दिस मासलीचा नाव खराब करत बसलीस. आज बरोबर मालाचा नाव घेतलास. दे, अर्धा घमेला दे. भवानी माजी."

"अहो, ही तर तुमची जाऊ," साहेब बोलले.

"जाऊ हाय म्हनून काय फुकट देतंय काय ती?" सरस्वती त्यांच्यावर फिरली. "जलमात कंदी कोलंबीचा एक शेपूट जास्ती नाय दिला मना!"

बायजाने चिखल तोलला. नीट तोलला, काटा मधोमध येईपर्यंत. सरस्वतीने पैसे दिले तसे तिने मोजे काढले, ते पैसे कपाळाला लावले, आणि तिच्या डोळ्यातून टपटप पाणी पडलं. पुसलं पण नाही. सरस्वती घमेलं घेऊन आपल्या जागेवर गेली आणि पापलेटच्या शेजारी ठेवून तिने तिच्या बाजूने आरोळी मारली, "हा समिंदराचा पापलेट! न हा नाल्याचा चिकल! दोगांतला फरक बगून घ्या!"

आता विक्री झालेली. नियमाने साहेबांना काही बोलता येईना. तरी जाता जाता खालच्या आवाजात विचारलं त्यांनी, "बायजाबाई, किती दिवस विकणार हे?"

बायजाने मोजे परत चढवले. "माजी पनती हाय घरान, एवडीशी. ती मोठी होईल, बालंत होईल. तिला मी निवटी देनार, न ती ह्याच खारीची. ओकवावी लागनार नाय असी. तवर इकनार."

"तोपर्यंत तुम्ही असाल का?" साहेब बोलून गेले, आणि मग त्यांनाच कसंतरी झालं.

"मी नसेन तं ही सरस्वती बसेल. ती नसेल तं दिपिका बसेल. जागा आमची हाय, माल नाल्यातून रोज येतंय, फुकट." आणि तिने पारड्यात चिखल टाकला. "तुमाना किती देऊ, सायेब? तुमच्या वरच्या सायबाना पन न्या थोरा. लाजू नका."

साहेबांनी इकडे तिकडे बघितलं. आणि खोटं वाटेल, त्यांनी खिशात हात घातला. बायजाने प्लास्टिकच्या पिशवीत चिखल भरला, गाठ मारली, त्यांच्या हातात दिली, आणि मान वळवून नेहमीच्या आवाजात ओरडली,

"घाटीन, सायबाना कोथमीर दे गो!"

मी सगळ्यात ताजी जुडी काढून दिली.